कोंबडीचं पुरुमेंत (पावसाळ्याची बेगमी): जेट्टीवरची सुकी मासळी, फिशमील, रेशमाचा प्युपा आणि क्रेटमधल्या अळ्या

मका, सोयापेंड, शेंगदाणा पेंड, सगळं गोव्यात घाटावरून येतं. चोर्ला किंवा अनमोड उतरून पोतं म्हापशाच्या नाहीतर फोंड्याच्या दुकानात पोचेपर्यंत त्यावर भाडं, हमाली आणि दुकानदाराचा नफा चढलेला असतो. इथली आपली पेंड म्हणजे खोबऱ्याची. तिच्यात प्रथिन 20 ते 22 टक्के, आणि लायसिन, म्हणजे प्रथिनातला एक जरुरीचा घटक, इतकं कमी की नुसत्या तिच्या जोरावर कोंबडी नियमित अंडं देत नाही. म्हणून 50-100 गावठी कोंबड्या किंवा चार-सहा डुकरं पाळणारा माणूस सोयापेंडीला जोड शोधायला निघतो आणि बहुतेक वेळा जेट्टीवर जाऊन थांबतो.

सोयापेंडीला जोड म्हणून गोव्यात मिळणाऱ्या किंवा मागवता येणाऱ्या चार प्राणिज वस्तूंचा हा हिशोब आहे. विक्रेत्यांची नावं घेतलेली नाहीत, कारण या धंद्यात दोन दुकानांत पडत नाही इतका फरक एकाच दुकानातल्या दोन पोत्यांत पडतो.

आधी एक गोष्ट मिटवून टाकू. हे सगळं कोंबड्या, बदकं, डुकरं आणि तळ्यातल्या माशांसाठी आहे. दूध आणि मांस देणाऱ्या जनावरांना, कोंबड्या, डुकरं आणि मासे वगळता, गोवंशीय किंवा डुकराच्या मांस-हाडांची व रक्ताची भुकटी असलेलं खाद्य घालायला एफएसएसएआयची (देशाच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाची) मनाई आहे. मॅड काऊ रोग अशा भुकटीतूनच पसरला होता. त्यातून गाई-शेळीच्या पोटातले जंतू साध्या पेंडीतूनही प्रथिन उभं करतात. तेव्हा घरात श्वेत कपिला, म्हणजे गोव्याची गावठी गाय, असेल तर यातली कुठलीही वस्तू तिच्या गव्हाणीपासून लांब ठेवावी, आणि कोंबड्यांचं खाद्य कालवलेलं घमेलं तिच्यासाठी वापरू नये.

जेट्टीवरची सुकी मासळी

मालिम, शापोरा, वास्कोचा खारवीवाडा, कुटबण, जिथे म्हणून ट्रॉलर लागतात तिथे माणसांच्या ताटात न जाणारी बारीक मासळी उतरते: मोडके तारले, पेडवे, मांदेली, लेपे, माणक्यांचे (स्क्विडचे) तुकडे, बारीक कुर्ल्या. तिचा मोठा वाटा ओलाच कारखान्याकडे जातो. उरलेली वाळवून पोत्यांत भरली जाते. ‘सुकी मासळी, पोल्ट्रीसाठी’ असं विचारलं की दोन अगदी वेगळ्या वस्तू पुढे येतात आणि त्यांना नाव मात्र एकच असतं.

पहिली बिनमिठाची. ती ताजी असतानाच उन्हात टाकलेली असते. हातात घेतली तर हलकी, रंगाने रुपेरी-पिवळट, आणि शेपटी मोडली की ‘कट्’ असा आवाज येतो. मोडताना वाकली आणि आवाज आला नाही तर ओलावा 15 टक्क्यांच्या वर आहे असं धरावं. ती आज स्वस्त मिळाली तरी तीन आठवड्यांत बुरशी धरेल. चांगल्या बिनमिठाच्या मासळीत प्रथिन साधारण 50 टक्क्यांच्या आसपास भरतं.

दुसरी खारी. पोल्ट्रीसाठी म्हणून स्वस्तात मिळतं ते पुष्कळदा माणसांच्या खाण्यातून उरलेल्या खाऱ्या मासळीचा चुरा असतो. तिच्यात मीठ 15 ते 20 टक्के असू शकतं. घात इथेच होतो. कोंबडीच्या एकूण खाद्यात मीठ 0.3 ते 0.4 टक्के पुरतं. खाद्यात 8 टक्के खारी मासळी घातली आणि तिच्यात 15 टक्के मीठ असलं, तर एकट्या मासळीतूनच 1.2 टक्के मीठ गेलं. मोठी कोंबडी भरपूर पाणी पिऊन निभावते, पण विष्ठा पातळ होते, खाली पसरलेला भुसा ओला राहतो, अमोनियाचा वास डोळ्यांत जातो. पिलं निभावत नाहीत. ती सारखी पाण्याकडे धावतात, पोटात पाणी साचतं, पाय लटपटतात आणि एकेक करून मरायला लागतात. मालक समजतो साथ आली. त्यात पाण्याचं भांडं दुपारी तासभर रिकामं राहिलं तर मोठ्या कोंबड्याही जातात.

मीठ मोजायची एक सोपी रीत आहे. खाडीकाठच्या खाजन जमिनीतल्या कोळंबी तळ्यांवर पाण्याचा खारटपणा बघायला छोटा हातातला रिफ्रॅक्टोमीटर असतो, तो घटकाभर मागून घ्यावा. 100 ग्रॅम मासळी बारीक कुटून 1 लिटर गोड्या पाण्यात अर्धा तास भिजवायची, मधून मधून ढवळायचं, फडक्याने गाळायचं आणि वरच्या पाण्याचा थेंब काचेवर टाकायचा. रीडिंग जितकं पीपीटी (हजारात भाग), साधारण तितके टक्के मीठ. म्हणजे 12 आलं तर 12 टक्के. पाण्यात उतरलेलं प्रथिनही काट्याला थोडं वर ढकलतं, त्यामुळे खरा आकडा याच्या किंचित खाली असतो. पण पोतं घ्यायचं की परत करायचं, एवढं ठरवायला ही परीक्षा पुरते. 4 च्या आत आलं तर निवांत घ्यावं. 10 च्या वर आलं तर धुतल्याशिवाय ती मासळी वापरता येत नाही.

मिठानंतर वाळू. मासळी जाळ्यावर किंवा ताडपत्रीवर वाळवली की वाळवंटातच पसरली, यावर सगळं अवलंबून असतं. वाळूत लोळलेली मासळी बारीक पाहिली तर पोटाच्या बाजूला खवल्यांखाली कण चिकटलेले दिसतात. परीक्षा म्हणाल तर तांदूळ रोळतात तशीच. 50 ग्रॅम कुटलेली मासळी काचेच्या ग्लासात पाणी घालून ढवळायची, पाच सेकंद थांबायचं, वरचं गढूळ पाणी तरंगत्या भागासकट ओतून द्यायचं. असं चार-पाच वेळा केलं की तळाला वाळू आणि थोडी हाडं उरतात. ती वाळवून वजन करायचं. 5 ग्रॅम निघाली तर 10 टक्के पोतं तुम्ही किनाऱ्याचं विकत घेतलंत. वाळूने कोंबडी मरत नाही, पण गिरणीची जाळी आणि हातोड्या लवकर झिजतात, आणि पैसे जातात ते वेगळेच.

खारी मासळी मिळाली असेल आणि दुसरा इलाज नसेल तर धुण्याची रीत अशी. मासळीच्या पाचपट गोडं पाणी, दोन तास भिजत, पाणी फेकायचं. पुन्हा तेवढंच पाणी, आणखी एक तास, तेही फेकायचं. मग 15 ते 20 मिनिटं उकळायची. उकळल्याने साल्मोनेला मरतो, आणि काही कच्च्या माशांत थायमिन म्हणजे बी-1 जीवनसत्त्व खाऊन टाकणारं थायमिनेज असतं, तेही जातं. हे धुणं जेवढं सांगायला सोपं तेवढं फुकटचं नाही. मिठाबरोबर विरघळणारं प्रथिनही वाहून जातं, उकळायला सरपण लागतं, आणि ओली झालेली मासळी त्याच दिवशी संपवावी लागते. 20 कोंबड्यांना जमतं, 200 ला नाही.

आता भावाचा हिशोब. भाव जेट्टीवर रोज बदलतो, म्हणून खालचे आकडे फक्त रीत दाखवायला घेतले आहेत. समजा बिनमिठाची मासळी 70 रुपये किलो आणि प्रथिन 52 टक्के. 70 भागिले 0.52, म्हणजे प्रथिनाचा किलो 135 रुपयांना पडला. समजा खारी 45 रुपये किलो, आणि मीठ, वाळू, ओलावा वजा जाऊन प्रथिन 35 टक्के. प्रथिनाचा किलो 129 रुपये. कागदावर खारी स्वस्त दिसते. पण मिठामुळे ती 100 किलो खाद्यात 2 किलोच्या वर घालताच येत नाही, आणि 2 किलोतून मिळतं फक्त 700 ग्रॅम प्रथिन. उरलेलं पुन्हा सोयापेंडीतूनच भरायचं. म्हणजे पोतं स्वस्त आणि खाद्य महाग.

बिनमिठाच्या, जाळ्यावर वाळवलेल्या मासळीला 5 पैकी 4 गुण. खाऱ्या चुऱ्याला 1, तोही बदकं आणि डुकरं ती धुतल्यावर खातात म्हणून.

कारखान्याचं फिशमील

फिशमील मासळी शिजवून, दाबून, तेल काढून, वाळवून दळलेलं असतं. चांगल्या मालात 60 ते 65 टक्के प्रथिन, मीठ आटोक्यात, वाळू नगण्य. गुणवत्तेत या यादीत हे पहिलं यायला हवं, आणि सीलबंद पोतं, मागे तपशील छापलेला, असं असेल तर येतंही. अडचण सुट्ट्या मालाची आहे. दुकानात उघड्या पोत्यातून किलोवर विकलं जाणारं तपकिरी पीठ फिशमील आहे हे फक्त दुकानदार सांगतो.

भेसळीत सर्वात हुशारीची युरियाची. प्रयोगशाळा नत्र मोजते आणि त्याला 6.25 ने गुणून ‘क्रूड प्रोटीन’ लिहिते. युरियात नत्र 46 टक्के. 46 गुणिले 6.25, म्हणजे कागदावर 287 टक्के प्रथिन! 100 किलो भुकटीत नुसता 2 किलो युरिया मिसळला की अहवालावर पावणेसहा टक्के प्रथिन वाढतं. कोंबडीला त्यातला कणही उपयोगी पडत नाही. घरी ओळखायचं तर कच्च्या सोयाबीनचं पीठ लागतं, भाजलेलं चालत नाही. दोन ग्लासांत प्रत्येकी 20 ग्रॅम भुकटी आणि कोमट पाणी घ्यायचं, एकात चमचाभर सोयापीठ घालायचं, दोन्ही झाकून अर्धा तास ठेवायचे. कच्च्या सोयातला युरिएज युरियाचा अमोनिया करतो. पीठ घातलेल्या ग्लासाचा वास दुसऱ्यापेक्षा नाकाला ठसठशीत झोंबला, किंवा तोंडाशी धरलेला ओला लाल लिटमस निळा झाला, तर पोतं परत. दुसरा ग्लास विसरू नये, कारण शिळ्या मासळीलाही अमोनियाचा वास असतोच आणि तुलनेशिवाय फसगत होते.

रंगही बोलतो. फार काळपट, करपल्यासारखं फिशमील जास्त तापवलेलं असतं. असल्या मालात तयार होणाऱ्या गिझरोसिन नावाच्या विषारी द्रव्यामुळे गिझर्डच्या, म्हणजे दाणा दळणाऱ्या पोटाच्या, आतल्या अस्तराला चरे पडतात. पिलं काळी उलटी करतात, वाढ थांबते. बांगड्यासारख्या माशांचा शिळा माल असेल तर हिस्टामिनची भर पडते आणि हे लवकर होतं.

सीलबंद मालाला 4, सुट्ट्याला 2.

रेशमाचा प्युपा

कर्नाटकात रामनगर, शिडलघट्टा या भागांत रेशीम उकलून झालं की आतला किडा उरतो. वाळवलेल्या प्युपात प्रथिन 50 टक्क्यांच्या वर, मिथिओनीन (लायसिनसारखाच जरुरीचा घटक) चांगलं, मीठ जवळजवळ नाही. घाटावरून सोयापेंड येते तसा हाही मागवता येतो आणि कागदावर तो सोन्यासारखा दिसतो.

कागदावर न दिसणारी गोष्ट म्हणजे तेल. त्यात 25 ते 30 टक्के तेल असतं आणि गोव्याच्या दमट हवेत ते दोन महिन्यांत खवट होतं. खवट तेल खाद्यातलं ई जीवनसत्त्व संपवतं, आणि वास अंड्यात उतरतो. तेल काढलेला माल मिळाला तरच पोत्याने घ्यावा. तेल न काढलेला 10 किलोच्या वर घेऊ नये आणि खाद्यात 5 टक्क्यांची हद्द ओलांडू नये. पोतं उघडल्यावर वास सहन होत नसेल तर काही बिघडलेलं नाही, त्याचा वास तसाच असतो. बिघडलेला ओळखायचा तो जुन्या खोबरेल तेलासारख्या खवट झाकेवरून. तेल काढलेल्याला 3 गुण, बाकीच्याला दीड.

काळी सैनिक माशी

ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्यांबद्दल सध्या इतकं बोललं जातं की त्यांना देवपण यायचं बाकी आहे. वस्तू चांगली आहे, जाहिरात तिच्याहून मोठी आहे.

आधी पाकिटातल्या वाळलेल्या अळ्या. कुरमुऱ्यासारख्या फुललेल्या, हलक्या, कोंबड्या तुटून पडतात. पाकिटावर प्रथिन 40 ते 44 टक्के लिहिलेलं असतं. त्यात खोटं काही नसलं तरी तो आकडा फुगलेला आहे. अळीच्या सालीत कायटिन असतं आणि कायटिनमध्येही नत्र असतं. म्हणून या अळीसाठी 6.25 ऐवजी 4.76 ने गुणणं योग्य ठरतं. 42 टक्के छापलं असेल तर नत्र 6.72, आणि 4.76 ने गुणल्यावर प्रथिन 32 टक्के. आता समजा पाकीट 240 रुपये किलो पडलं, तर खऱ्या प्रथिनाचा किलो 750 रुपयांना गेला. सोयापेंड 50 रुपये किलो आणि 45 टक्के धरली तर तोच किलो 111 रुपयांत मिळतो. पाकीट शहरातल्या हौशी माणसाच्या चार कोंबड्यांना खाऊ म्हणून ठीक. पशुखाद्य म्हणून 5 पैकी 1.

घरी वाढवलेल्या अळ्यांची गोष्ट वेगळी, कारण तिथे कच्चा माल फुकटचा असतो. लेअर कोंबडी दिवसाला 110 ग्रॅमच्या आसपास खाते. त्यातले 8 टक्के, म्हणजे 9 ग्रॅम कोरड्या अळ्या, म्हणजे ओल्या 25 ग्रॅम. 50 कोंबड्यांना रोज सव्वा किलो. एवढ्या अळ्यांना रोज 7 किलो ओला कचरा लागतो. हॉटेलाच्या आवारात तो एका सकाळी मिळेल, घरातून मिळणार नाही.

क्रेटचं गणित ठरलेलं आहे. 40 बाय 60 सेंटिमीटरचा, 17 सेंटिमीटर उंचीचा प्लास्टिक क्रेट, त्यात 5 दिवसांच्या 10,000 अळ्या आणि 12 दिवसांत मिळून 15 किलो वाटलेला ओला कचरा. शेवटी हाती येतात अडीच-तीन किलो ओल्या अळ्या. 50 कोंबड्यांसाठी दर दोन दिवसांनी एक नवा क्रेट भरायचा, म्हणजे एका वेळी सहा क्रेट चालू राहतात.

क्रेटमध्ये हात घातल्यावर काय लागायला हवं? भिजवलेल्या कोंड्यासारखा मऊ, कोमट थर, आणि कान जवळ नेला तर तव्यावर बारीक रवा भाजल्यासारखी खसखस. मूठभर घेऊन घट्ट पिळलं तर बोटांमधून दोन-तीन थेंब यायला हवेत. धार लागली तर पाणी जास्त आहे, थेंबच आला नाही तर अळ्या सुकून आखडतील. थर 5 ते 7 सेंटिमीटरच्या वर चढू द्यायचा नाही. जाड थरात अळ्या स्वतःच्याच उबेने तापतात, 40 अंशांच्या पुढे गेल्या की रात्रीतून कडेवर चढून बाहेर पडतात. सकाळी सगळी भिंत अळ्यांनी भरलेली दिसते, आणि माणूस आधी झाकण शोधतो. खरं तर त्याने कोंडा शोधायला हवा. भाताचा कोंडा किंवा सोडणाचा (नारळाच्या सालाचा) चुरा मिसळून थर मोकळा केला की त्या खाली उतरतात.

काय घालावं यात गोव्याची सोय आहे. बिअरच्या कारखान्यातला जवाचा चोथा सर्वात उत्तम, तो मिळत असेल तर बाकी काही शोधू नये. फेब्रुवारी ते मे काजूच्या बोंडांचा चोथा फुकट मिळतो, पण तो आंबट आणि प्रथिनात हलका असतो. एकट्यावर अळ्या तेलकट होतात आणि वाढायला जास्त दिवस घेतात, म्हणून एक तृतीयांशाच्या पुढे जाऊ नये. मासळी बाजारातली डोकी आणि आतडी पाव हिश्शापर्यंत चालतात. त्यापुढे दुर्गंधी आणि घरमाश्या. एक मात्र कटाक्षाने टाळावं: माणक्यांची आतडी. माणकीच्या यकृतात कॅडमियम साठलेलं असतं आणि ही अळी कॅडमियम अंगात गोळा करते. तिथून ते कोंबडीत आणि पुढे आपल्यात.

काढणी पांढऱ्या अळ्यांचीच करावी, शंभरात पाच-दहा काळ्या दिसायला लागल्या की. सगळ्या काळ्या होईपर्यंत थांबलात तर साल जाड होते आणि पचन कमी. काढलेल्या अळ्या एक दिवस कोरड्या कोंड्यात उपाशी ठेवायच्या, चाळायच्या, उकळत्या पाण्यात मिनिटभर बुडवायच्या. वाळवायच्या असतील तर तीन किलो ओल्यातून एक किलो कोरडी निघते. मुंग्यांसाठी स्टँडचे पाय साबणपाण्याच्या वाटीत ठेवावेत. हुमल्यांना एकदा वाट सापडली की क्रेट रात्रीत रिकामा होतो.

माशीच्या अंड्यांचं काय? ती ग्रॅमवर विकत मिळतात. चार दिवसांच्या आत फुटतात, म्हणून कुरिअर तीन दिवस घेणार असेल तर डबीत मेलेल्या बारीक अळ्याच पोचतात. स्वतःच्या माश्या ठेवाव्यात तर त्यांना जुळायला लख्ख ऊन लागतं. ऑक्टोबर ते मे गोव्यात त्याची ददात नाही. जूनमध्ये आभाळ भरलं की पिंजऱ्यात माश्या नुसत्या बसून राहतात, अंडी येत नाहीत, आणि आठ-दहा दिवसांत मरतात. दिवे लावून काम भागतं असं अळ्या वाढवायचं किट विकणारे सांगतात. भागतंही, पण त्यासाठी योग्य दिवा लागतो. घरातला एलईडी बल्ब माशीला ऊन वाटत नाही.

ज्यांच्याकडे रोजचा ओला कचरा आणि एक माणूस तासभर मोकळा आहे, त्यांना 5 पैकी साडेतीन. बाकीच्यांनी क्रेट घेतला तर तो पुढे कांदे ठेवायला उपयोगी पडेल.

पिसांची भुकटी, रक्ताची भुकटी आणि मांस-हाडांची भुकटी यांची सविस्तर परीक्षा इथे केलेली नाही. पिसांत प्रथिन 80 टक्क्यांच्या वर असतं, पण वाफेच्या दाबाखाली शिजवल्याशिवाय ते कोंबडीला पचत नाही, आणि लायसिन, मिथिओनीन दोन्ही तोकडं. घरी पिसं उकळून काही होत नाही.

खाद्यात बसवायचं कसं

अंड्यावरच्या गावठी किंवा सुधारित कोंबड्यांसाठी 100 किलोचा एक साधा मेळ: मका भरडा 48 किलो, भाताचा कोंडा 18, सोयापेंड 12, खोबऱ्याची पेंड 5, बिनमिठाची सुकी मासळी 8, शिंपल्याचा चुरा 8, मिनरल आणि जीवनसत्त्वांचं मिश्रण 1. प्रथिन 17 टक्क्यांच्या जवळ जातं. मासळीत थोडंफार मीठ असतंच, म्हणून वेगळं मीठ घालायचं नाही; मिनरल मिश्रणात मीठ आहे का ते पोत्यावर वाचावं. शिंपल्या तिसऱ्यांच्या असोत की खुब्यांच्या, उकळून, वाळवून, ज्वारीच्या दाण्याएवढ्या फोडलेल्या हव्यात. पीठ केलं तर पोटात टिकत नाही. तलंगांना अंड्यावर येईपर्यंत हा चुरा 8 ऐवजी 2 किलोच द्यायचा, नाहीतर मूत्रपिंडावर ताण येतो.

मासळीऐवजी कोरड्या अळ्या वापरल्या तर त्यांच्यात चुना आधीच बराच असतो, म्हणून शिंपला अर्धा किलो कमी करायचा आणि सोयापेंड दोन-तीन किलो वाढवायची, तेवढा मका कमी. अळ्यांचं तेल ऊर्जा भरून काढतं.

अंड्याला मासळीचा वास येतो ही तक्रार खरी आहे, पण तिचं कारण दर वेळी मासळी नसते. तपकिरी अंडी देणाऱ्या काही कोंबड्यांत ट्रायमिथाइलअमाइन, म्हणजे मासळीचा वास देणारा पदार्थ, मोडण्याची ताकद जन्मतः कमी असते. तीच मासळी खाऊन शेजारच्या गावठी कोंबडीचं अंडं नीट असतं आणि या एकीचं वास मारतं. अशी एखाद-दुसरी शोधून वेगळी काढली तर सगळ्यांची मासळी बंद करावी लागत नाही. मांसासाठीच्या कोंबडीची मासळी कापण्याआधी 10 दिवस थांबवावी.

पावसाळ्याची बेगमी

ट्रॉलरवरची मासेमारी 1 जून ते 31 जुलै अशी 61 दिवस बंद असते. पण फक्त 61 दिवसांचा साठा करणारा ऑगस्टमध्ये अडकतो. मासळी येते, ती वाळवायला ऊन कुठे असतं? जून ते सप्टेंबर असे 122 दिवस धरावेत. 50 कोंबड्या, रोज साडेपाच किलो खाद्य, त्यातली 8 टक्के मासळी म्हणजे 440 ग्रॅम, असं चार महिन्यांचं 54 किलो होतं. घरचं पुरुमेंत भरताना खारे बांगडे आणि गालमो (सुका जवळा) घेतला जातो, त्याच मे महिन्यात हेही घेऊन ठेवायचं. नेमकं तेव्हाच माणसांच्या मासळीलाही गिऱ्हाईक जास्त असतं, म्हणून एप्रिलच्या मध्यावर गेलेलं बरं.

घेतलेली मासळी काळ्या ताडपत्रीवर दोन दिवस कडक उन्हात पुन्हा टाकावी. ओलावा 10 टक्क्यांवर येतो आणि सुक्या मासळीत शिरणाऱ्या काळ्या भुंग्यांची अंडीही बरीचशी मरतात. पूर्ण थंड झाल्यावरच भरायची. गरम भरली की आतल्या आत घाम सुटतो. घट्ट झाकणाचे 200 लिटरचे निळे ड्रम, आत जाड प्लास्टिकची पिशवी, खाली लाकडी पाट. 54 किलोला दोन ड्रम लागतात. मासळी अख्खीच ठेवायची. दळलेल्या भुकटीचं तेल लवकर खवटतं, म्हणून आठ-दहा दिवसांपुरतीच गिरणीवर न्यावी. ड्रममध्ये केसाळ, तपकिरी अळ्या किंवा हाडांजवळ भोकं दिसली तर उघाडीच्या दिवशी बाहेर काढून तव्यावर मंद भाजावी. कीटकनाशकाची पावडर मारलेलं पोतं कितीही कोरडं असलं तरी घ्यायचं नाही. अशा पोत्याजवळ माश्या फिरकत नाहीत, तीच खूण.

डुकरांना, मग ती गावठी अगोंद गोअन असोत की संकरित, मासळी 5 टक्क्यांपर्यंत पुरते. हॉटेलातलं उरलंसुरलं अन्न घालत असाल तर ते अर्धा तास उकळून, आणि त्यात डुकराचं मांस नको. आफ्रिकन स्वाइन फीव्हर तसाच पसरतो. मासळीचा वास डुकराच्या चरबीत मुरतो आणि महिनाभर जात नाही. सोरपतेलात (डुकराच्या मांसाच्या तिखट रश्श्यात) मसाल्याखाली तो थोडाफार झाकला जातो, चोरीसमध्ये (गोव्याच्या सॉसेजमध्ये) नाही. नाताळला कापायचं जनावर असेल तर 20 नोव्हेंबरला मासळी आणि प्युपा दोन्ही बंद, आणि पुढचा महिना सोयापेंडीवर.